तीन मिनिटांच्या गोष्टीला तीस तास पुरत नाहीत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यानंतर विद्यापीठांतील अभ्यासक्रमांची जी फेररचना सुरू झाली, तिच्याविषयी वृत्तपत्रांतून बरेच लिहिले गेले आहे. त्या चर्चेत न आलेल्या एका लहानशा विषयाकडे मी आपल्या वाचकांचे, विशेषतः अभ्यासमंडळांवर काम करणाऱ्या प्राध्यापकांचे, लक्ष वेधू इच्छिते. अनुभवाधारित अध्ययनाच्या संदर्भात या धोरणाने कथाकथनावर आधारलेल्या अध्यापनाचा स्पष्ट उल्लेख केला आहे, आणि त्याचा आधार घेऊन आमच्यासारख्या काही शिक्षणशास्त्र विभागांनी ‘शिक्षणातील डिजिटल स्टोरीटेलिंग’ हा दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) ऐच्छिक विषय ठेवला आहे. मी हा विषय गेली काही वर्षे भावी शिक्षकांना शिकवते. विषय उत्तम आहे, विद्यार्थी तो आवडीने घेतात, आणि तरीही दर सत्राच्या शेवटी मला असे वाटत राहते की तो आम्ही शिकवला नाही, फक्त उरकला. या उरकण्याचे कारण विद्यार्थ्यांत किंवा संगणकांच्या तुटवड्यात फारसे नाही; ते अभ्यासक्रमाच्या तक्त्यातील एका रकान्यात आहे, आणि म्हणूनच ते दूर करता येण्याजोगे आहे.

आधी नावाविषयी थोडे. ‘डिजिटल कथाकथन’ असे मराठी रूप मी पहिल्या वर्षी वापरून पाहिले आणि लगेच सोडून दिले, कारण मराठी माणसाच्या कानात कथाकथन म्हणजे शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगावी गाजवलेला रंगमंचीय प्रकार. तो शब्द ऐकताच निम्म्या विद्यार्थ्यांना वाटले की आपल्याला आता हशा पिकवावा लागणार, आणि उरलेल्यांना वाटले की आपल्याला ते जमणार नाही. प्रत्यक्षात या विषयातील कृती फार साधी आहे. सांगणाऱ्याने आपल्या आयुष्यातील एक प्रसंग अडीचशे-तीनशे शब्दांत लिहायचा, तो स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायचा, त्याला दहा-बारा स्थिर चित्रांची किंवा छायाचित्रांची जोड द्यायची आणि दोन-तीन मिनिटांची चित्रफीत तयार करायची. अभिनय नाही, नाट्य नाही, कॅमेऱ्यापुढे उभे राहणेही नाही.

या पद्धतीचा उगम अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को परिसरात झाला. डेना ॲचली हे कलावंत पडद्यावर पेटलेल्या शेकोटीची चित्रफीत लावून, तिच्याशेजारी बसून, आपल्या कुटुंबाची जुनी छायाचित्रे आणि फिती दाखवत स्वतःच्या गोष्टी सांगत असत. त्यांच्यासह जो लॅम्बर्ट आणि नीना मलेन यांनी १९९४ मध्ये तेथे एक केंद्र सुरू केले, जे १९९८ मध्ये बर्कलीला गेले आणि ‘सेंटर फॉर डिजिटल स्टोरीटेलिंग’ या नावाने ओळखले जाऊ लागले. संगणकाशी कधी संबंध न आलेल्या माणसाने तीन दिवसांच्या कार्यशाळेत आपली एक गोष्ट पूर्ण करून घरी जावे, अशी त्यांची रीत होती. पुढे २००१ पासून २००८ पर्यंत बीबीसी आणि कार्डिफ विद्यापीठ यांनी वेल्समध्ये हाच प्रयोग इंग्रजीबरोबर वेल्श भाषेतही केला. त्यामागचे छायाचित्रकार डॅनियल मेडोज यांनी या छोट्या चित्रफितींची तुलना सुनीत या काव्यप्रकाराशी केली होती. चौदा ओळींचे बंधन जसे कवीला नेमके बोलायला लावते, तसे दोन मिनिटांचे बंधन सांगणाऱ्याला लावते, हा त्यातला अर्थ माझ्या विद्यार्थ्यांना केशवसुतांमुळे चटकन कळतो. शिक्षणक्षेत्रात हा विषय रुजवण्याचे श्रेय ह्यूस्टन विद्यापीठातील बर्नार्ड रॉबिन यांना द्यावे लागेल. वैयक्तिक अनुभवाच्या, इतिहासाचा शोध घेणाऱ्या आणि एखादी संकल्पना समजावणाऱ्या अशा तीन प्रकारच्या गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या, आणि वर्गात तिन्हींना जागा आहे असे दाखवले.

हे सगळे परदेशी वाटू नये म्हणून मी पहिल्याच आठवड्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या चित्रकथीविषयी बोलते. तेथील ठाकर समाजाचे कलावंत चित्रांच्या सुट्या पानांची पोथी समोर धरतात, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्यान गातात आणि कथा पुढे सरकेल तसे पान बदलतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा ही कला अनेकांना पुन्हा ठाऊक झाली. चित्र स्थिर, आवाज चालता, आणि पान केव्हा बदलायचे याचा निर्णय सांगणाऱ्याच्या हातात: संकलनाचा पहिला धडा यातच आहे. म्हणून ‘हे तर आपल्याकडे आधीपासूनच होते’ अशी बढाई मारण्याचा मोह मात्र मी टाळते. चित्रकथी आख्यान सांगतो, स्वतःचे आयुष्य सांगत नाही. स्वतःचे आयुष्य स्वतःच्या आवाजात सांगण्याची आपली परंपरा पाहायची तर जात्यावरच्या ओव्यांकडे जावे लागते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने खेडोपाडी जाऊन संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्या आता ‘पारी’ या संकेतस्थळाद्वारे लोकांपर्यंत पोहोचत आहेत, आणि त्यांपैकी अनेक ओव्या गाणाऱ्या बाईच्याच आवाजात ऐकायला मिळतात. तीच ओवी कागदावर वाचणे आणि त्या आवाजात ऐकणे यांत किती अंतर पडते, हे वर्गात दहा मिनिटांत स्पष्ट होते. त्यासाठी मला व्याख्यान द्यावे लागत नाही.

आता त्या रकान्याकडे येते. श्रेयांक पद्धतीत एका श्रेयांकासाठी अध्यापनाचे पंधरा तास धरले जातात, आणि विषय प्रात्यक्षिकाचा असेल तर तीस. आमचा विषय ‘लेखी’ या रकान्यात नोंदवला गेल्यामुळे दोन श्रेयांकांचे तीस तास आमच्या वाट्याला येतात. ‘प्रात्यक्षिक’ या रकान्यात असता तर साठ आले असते. परीक्षाही त्यानुसार ठरली आहे. पन्नास गुणांपैकी तीस लेखी प्रश्नपत्रिकेचे आणि वीस अंतर्गत. ‘डिजिटल स्टोरीटेलिंगचे सात घटक सोदाहरण स्पष्ट करा’ हा प्रश्न हमखास येतो. विद्यार्थी दृष्टिकोन, नाट्यमय प्रश्न, भावनिक आशय, स्वतःचा आवाज, पार्श्वसंगीत, काटकसर आणि गती ही सात नावे पाठ करतात, आणि एकही गोष्ट पूर्ण न केलेला विद्यार्थी या प्रश्नाला पूर्ण गुण मिळवू शकतो. यातला विनोद असा की ज्या लॅम्बर्ट यांच्या नावावर हे सात घटक शिकवले जातात, त्यांनी आपल्या मार्गदर्शिकेच्या पुढच्या आवृत्त्यांत घटकांची ती यादी मागे ठेवून सात पायऱ्या मांडल्या: आपल्याला नेमके काय उमगले ते ओळखणे, भावना ओळखणे, तो क्षण शोधणे, गोष्ट पाहणे, ऐकणे, जुळवणे आणि शेवटी इतरांपुढे ठेवणे. तयार गोष्टीत काय असावे याऐवजी ती करणाऱ्या माणसाने काय करावे, याकडे ते वळले. आमची प्रश्नपत्रिका अजून घटकांपाशीच आहे.

तीस तास का पुरत नाहीत याचा हिशेब मी आमच्या विभागात मांडून दाखवला आहे. येथेही थोडक्यात देते. या पद्धतीचा गाभा म्हणजे आठ-दहा जणांनी गोल बसून एकमेकांचे कच्चे खर्डे ऐकणे. इंग्रजीत त्याला स्टोरी सर्कल म्हणतात, आमच्या वर्गात त्याचे नाव आपोआपच ‘रिंगण’ पडले. खर्डा वाचायला तीन मिनिटे, ऐकणाऱ्यांनी विचारायला आणि सुचवायला आठ-नऊ मिनिटे, म्हणजे माणशी बारा मिनिटे. दहा जणांना दोन तास. बी.एड. च्या एका तुकडीत पन्नास विद्यार्थी असतात, म्हणजे पाच रिंगणे आणि दहा तास. पहिल्या खर्ड्यानंतर दुसऱ्याचेही रिंगण व्हायला हवे, कारण गोष्ट सापडते ती बहुधा दुसऱ्या वेळी. म्हणजे वीस तास. उरलेल्या दहा तासांत ध्वनिमुद्रण, चित्रांची निवड, संकलन, प्रदर्शन आणि वर उल्लेखिलेला लेखी परीक्षेचा अभ्यासक्रम. साहजिकच शिक्षक पहिली कात्री रिंगणाला लावतो. मीही लावली आहे. पहिल्या वर्षी मी रिंगण एकदाच घेतले, तेही पंचवीस-पंचवीस जणांचे. त्या वर्षीच्या जवळपास सगळ्या चित्रफिती ‘आईचे महत्त्व’, ‘पाणी वाचवा’ आणि ‘मोबाइलचे दुष्परिणाम’ अशा निघाल्या. त्या गोष्टी नव्हत्या. शाळेतील निबंधांना चित्रे जोडलेली होती.

रिंगणात नेमके काय घडते हे एका उदाहरणाने सांगते. ज्या विद्यार्थिनीचे हे उदाहरण आहे, तिची परवानगी मी घेतली आहे. ती बीड जिल्ह्यातील, ऊसतोड कामगारांच्या घरातील. तिचा पहिला खर्डा ‘ऊसतोड कामगारांच्या समस्या’ असा होता. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, मुकादम उचल देतो, ती फेडण्यासाठी हंगामभर फडात राबावे लागते, मुलांच्या शिक्षणाचे हाल होतात, शासनाने हंगामी वसतिगृहे काढली आहेत, असे सगळे त्यात क्रमाने आणि बिनचूक होते. ऐकून सगळे गप्प बसले, कारण विचारण्यासारखे काहीच नव्हते. मग शेजारच्या एका मुलाने विचारले की, तुझी आई हंगाम संपवून ज्या दिवशी परत यायची, त्या दिवशी तू काय करायचीस? ती जरा थांबली आणि म्हणाली, की चौथीत असताना आईने कारखान्याजवळच्या बाजारातून तिच्यासाठी फ्रॉक आणला होता आणि तो तिला तोकडा झाला होता. आईने माप दिवाळीचे धरले होते, आणि ती परत आली गुढीपाडव्याच्या सुमारास. पुढचे वाक्य तिने बोलता बोलता उच्चारले आणि ते तसेच संहितेत राहिले: ‘आईच्या डोळ्यांत मी दिवाळीएवढीच होते.’

दुसऱ्या खर्ड्यात कोयता, उचल, मुकादम हे शब्द होते, पण ते समजावून सांगण्यासाठी आलेले नव्हते. घरात बोलले जातात तसे आले होते. लहानपणीचे छायाचित्र तिच्याकडे एकही नव्हते, आणि अशा वेळी विद्यार्थी इंटरनेटवरून कुठल्या तरी अनोळखी मुलीचा फोटो उचलतात. तिने सुट्टीत घरी जाऊन विचारपूस केली तेव्हा कळले की त्या फ्रॉकचे कापड आजीने गोधडीत लावले होते. त्या ठिगळाचा फोटो हे त्या चित्रफितीतील मुख्य चित्र झाले. यातील कुठलीही गोष्ट मी शिकवलेली नव्हती. माझे काम एवढेच होते की त्या प्रश्नाला आणि त्या थांबण्याला पुरेल इतका वेळ वर्गात शिल्लक ठेवायचा. पंचवीस जणांच्या रिंगणात तो मुलगा तो प्रश्न विचारता ना, आणि विचारला असता तरी तिने उत्तर दिले नसते.

याच चित्रफितीवरून आमच्या विभागात एक वाद झाला आणि तो आपल्या वाचकांपुढे यावा असे मला वाटते. तिने जमा केलेल्या पहिल्या आवृत्तीत आवाज तिचा नव्हता. मोफत मिळणाऱ्या संकलनाच्या ॲपमध्ये मजकूर टाकला की यंत्र मराठीत वाचून दाखवते. तो स्वच्छ, सपाट, कुठल्याही गावचा नसलेला आवाज तिने लावला होता. कारण विचारले तर म्हणाली, ‘मॅडम, माझी भाषा गावठी वाटते, आणि गुणांच्या तक्त्यात उच्चारशुद्धीला पाच गुण आहेत.’ तक्त्यात ते खरोखरच होते. ती घरी ‘मपली आई’ म्हणते. संहितेत तिने ‘माझी आई’ लिहिले होते, आणि यंत्राने ते निर्दोष वाचले होते. ज्या विषयाच्या सात घटकांत ‘स्वतःचा आवाज’ हा एक घटक आम्ही लेखी परीक्षेत विचारतो, त्याच विषयाच्या प्रात्यक्षिकात स्वतःचा आवाज लपवणाऱ्याला पाच गुण अधिक मिळण्याची सोय आम्हीच करून ठेवली होती. मी तो निकष माझ्यापुरता काढून टाकला आणि त्या जागी ‘ऐकू येण्याची स्पष्टता’ असा निकष ठेवला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे पडले की शिक्षक होऊ घातलेल्यांची भाषा प्रमाण असायलाच हवी. पाठ घेताना असावी, हे मला मान्य आहे. पण उद्या हीच मुलगी ज्या शाळेत शिकवायला जाईल, तेथे ‘मपलं’ म्हणणारी मुले असणार आहेत, आणि आपल्या शिक्षिकेने आपली बोली यंत्राकडून पुसून घेतली होती हे त्यांना कोणी सांगितले नाही तरी कळणार आहे. शेवटी तिने स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रण केले. ‘मपली’ एकदाच आले, आणि प्रदर्शनाच्या दिवशी पूर्ण वर्ग त्याच शब्दाशी हलला.

यंत्राने लिहिलेल्या संहितांचा प्रश्न आता याला येऊन मिळाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला ‘माझ्या बालपणीच्या पावसाळ्यावर तीन मिनिटांची गोष्ट लिही’ असे सांगितले की मातीचा सुगंध, आजीच्या मायेची ऊब आणि शेवटी एक शिकवण असे सर्व काही मिळते. ते ओळखायला मला कुठले सॉफ्टवेअर लागत नाही. रिंगणात दोन प्रश्न विचारले की पुरते: ओसरी कोणत्या दिशेला होती, आणि त्या दिवशी घरात आणखी कोण होते? ज्याची गोष्ट आहे तो उत्तर देता देता आणखी काही सांगतो. ज्याची नाही, तो कागदाकडे पाहतो. म्हणजे याही दुखण्यावर औषध रिंगणच आहे, आणि त्याला लागणारे तास आमच्याकडे नाहीत.

तांत्रिक बाजूविषयी फार लिहीत नाही, कारण ती लोकांना वाटते तितकी अवघड नाही. ध्वनिमुद्रण आधी, चित्रे नंतर. पंखा बंद, फोन विमानाच्या स्थितीत, आणि वसतिगृहाच्या खोलीत आवाज घुमत असेल तर डोक्यावरून गोधडी घेऊन बोलायचे. छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायची, नाहीतर ती दाबली जाऊन धूसर होतात. ऑडॅसिटीसारखे मोफत सॉफ्टवेअर आवाजासाठी पुरेसे आहे, आणि मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने अशा मुक्त साधनांचे धडे भारतीय भाषांत उपलब्ध करून देण्याचे मोठे काम केले आहे. खरा त्रास देवनागरीचा आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर संकलनात चिकटवला की त्याचा कचरा होतो, आणि काही संकलन सॉफ्टवेअर युनिकोड मजकुराचीही जोडाक्षरे सुटी करतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला लावतात. मराठी विषयाच्या भावी शिक्षकाने केलेल्या चित्रफितीचे शीर्षकच अशुद्ध दिसावे, हे मी दरवर्षी पाहते. तूर्त आम्ही शीर्षक दुसरीकडे लिहून त्याचे चित्र करून घेतो आणि ते चित्र चिकटवतो.

एका बाबतीत मात्र शिक्षकाचे मत विद्यार्थ्यांना पटत नाही, आणि ती बाब म्हणजे संगीत. प्रत्येकाला बासरी हवी असते. दुःखद प्रसंग असेल तर सारंगी. लॅम्बर्ट यांच्या मूळ यादीत पार्श्वसंगीत आहे, हे विद्यार्थी मलाच दाखवतात. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी बहुमाध्यमी अध्ययनावर केलेले प्रयोग असे सांगतात की आशयाशी संबंध नसलेले संगीत आणि ध्वनी शिकण्यात अडथळा आणतात, तसेच निवेदनातील मजकूर शब्दशः पडद्यावरही छापल्याने बहुधा लाभ होण्याऐवजी नुकसान होते. माझ्या मते या दोघांत विरोध नाही. वैयक्तिक गोष्टीत संगीत एखादा श्वास देऊ शकते. अपूर्णांक किंवा प्रकाशसंश्लेषण समजावणाऱ्या गोष्टीत ते बंदच ठेवावे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी उपशीर्षके हवीतच, पण ती हवी तेव्हा लावता येतील अशी वेगळी द्यावीत. हा विवेक शिकवायला एक तासिका लागते. चित्रपटगीत उचलून लावण्याचा प्रश्न निराळा आहे: स्वामित्वहक्काचा १९५७ चा कायदा वर्गातील अध्यापनापुरती शिक्षक आणि विद्यार्थी यांना सूट देतो, पण तीच चित्रफीत यूट्यूबवर चढवली की वर्गाची ती सूट आपल्याबरोबर येईल असे गृहीत धरता येत नाही. चित्रे हवी असतील तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीव्हीवर’ या संकेतस्थळावर खुल्या परवान्याची, मराठी गोष्टींसह, भरपूर चित्रे आहेत. मूळ चित्रकाराचे नाव देण्याची अट पाळली की झाले.

यूट्यूबचा विषय निघाला म्हणून एक गंभीर गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे महाविद्यालयाच्या गुणवत्तेच्या फाइलसाठी सर्व चित्रफितींचे दुवे मागण्यात आले, म्हणजे त्या सार्वजनिक वाहिनीवर टाकाव्यात अशी अपेक्षा होती. त्या वर्षी एका विद्यार्थ्याने रिंगणात आपल्या वडिलांच्या आत्महत्येविषयी सांगितले होते. सांगून झाल्यावर त्याने ती गोष्ट करायची नाही असे ठरवले आणि गावच्या एसटीच्या मुक्कामी गाडीवर दुसरी, हलकीफुलकी गोष्ट केली. मी त्याला पूर्ण गुण दिले, कारण कोणती गोष्ट सर्वांपुढे न्यायची आणि कोणती रिंगणातच ठेवायची हे ठरवता येणे हा या विषयातील सर्वांत अवघड भाग त्याने पार पाडला होता. हे ज्याच्या-त्याच्या हातात न राहता आपोआप सार्वजनिक होणार असेल, तर पुढच्या वर्षी रिंगणात कोणीही काही सांगणार नाही. अखेर आम्ही दुव्यांच्या जागी विद्यार्थ्यांच्या सहीची यादी आणि मोजक्या, संमती दिलेल्या चित्रफिती दिल्या. शाळेतील मुलांच्या बाबतीत तर प्रश्न कायद्याचाही आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे, आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळण्याजोगी संमती आवश्यक ठरवली आहे. आणि तरी आपले कितीतरी उत्साही शिक्षक वर्गातील मुलांचे चेहरे आणि नावे असलेल्या चित्रफिती रोज समाजमाध्यमांवर टाकत असतात. भावी शिक्षकांना हे सांगण्याची जागा हाच विषय आहे.

बी.एड. च्या दोन वर्षांत वीस आठवड्यांची शाळेतील अंतर्वासिता (इंटर्नशिप) असते. या विषयाचे खरे फळ तेथे दिसते, आणि आमच्या अभ्यासक्रमात तिच्याशी या विषयाची सांगड कुठेच घातलेली नाही. एका विद्यार्थ्याने आपल्या हौसेने ती घातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला लांबी मोजण्याचा पाठ होता. त्याने मुलांना घरी जाऊन आजोबांना विहिरीची खोली विचारायला आणि त्यांचे उत्तर पालकांच्या फोनवर ध्वनिमुद्रित करायला सांगितले. उत्तरे मीटरमध्ये आली नाहीत. ‘सात परस’, ‘दहा परस’ अशी आली. परस म्हणजे किती, यावर मुले भांडली, कारण ते माप माणसाच्या उंचीवरून आलेले आणि प्रत्येकाचा आजोबा वेगळ्या उंचीचा. त्या भांडणातून मीटर कशासाठी लागला हे मुलांना कळले. मुलांनीच काढलेल्या विहिरींच्या चित्रांवर आजोबांचे आवाज बसवून त्याने अडीच मिनिटांची चित्रफीत केली. तिचे संकलन ओबडधोबड आहे, दोन ठिकाणी कोंबडा आरवतो. आमच्या गुणांच्या तक्त्यात ‘तांत्रिक दर्जा’ या रकान्यात ती नापास होते.

म्हणून माझी अभ्यासमंडळांना विनंती अशी आहे. हा विषय ‘प्रात्यक्षिक’ या रकान्यात न्यावा, म्हणजे त्याच दोन श्रेयांकांत साठ तास मिळतील आणि पन्नास विद्यार्थ्यांच्या तुकडीचे गट पाडून शिकवणे कार्यभारात धरले जाईल. लेखी परीक्षा रद्द करावी. गुणांतील मोठा वाटा, माझ्या मते निम्म्याहून अधिक, खर्ड्यांच्या वहीला द्यावा: पहिला खर्डा, रिंगणात आलेले प्रश्न, त्यानंतरचा बदल आणि तो का केला याची टीप. तयार चित्रफितीला उरलेले गुण पुरेसे आहेत. उच्चारशुद्धीचा निकष काढावा, यंत्राचा आवाज वापरायचा असेल तर त्याचे कारण लिहून घ्यावे (ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी ते वरदान आहे, हे मी विसरलेले नाही), आणि चित्रफीत सार्वजनिक करणे कोणत्याही परिस्थितीत सक्तीचे असू नये. यासाठी नवे संगणक लागत नाहीत, नवे अनुदान लागत नाही. कार्यभार वाढतो हे खरे आहे, आणि शिक्षकांच्या रिक्त जागांच्या काळात तो आक्षेप खोटा म्हणता येणार नाही. पण मग विषय वर्षाआड द्यावा, किंवा प्रवेश वीस जणांपुरते मर्यादित ठेवावेत.

आमच्या अभ्यासमंडळाची पुढील बैठक सत्र सुरू होण्यापूर्वी आहे, आणि मी हे सर्व लेखी स्वरूपात तेथे ठेवणार आहे. मराठवाडा, विदर्भ, कोकण किंवा गोव्यातील ज्या अध्यापकांनी हा विषय प्रात्यक्षिक म्हणून घेतला असेल, त्यांनी तुकडीचे गट कसे पाडले आणि बाह्य परीक्षकाने खर्ड्यांची वही कशी तपासली, हे आपल्या स्तंभातून कळवल्यास त्या बैठकीत मला एकटीच्या अनुभवावर विसंबून बोलावे लागणार नाही.

आपली विश्वासू,
शिक्षणशास्त्राची एक अध्यापिका